वाजवी वापर

बाइंडर हा माणूस सरळ होता, आणि त्याच्या सरळपणाचा लोकांना वैताग यायचा. कुणाच्या घरी गेला आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, की त्याचं बोलण्यात लक्ष लागायचं नाही. उठून ते सरळ करून यायचा, मग म्हणायचा, "हां, बोला आता." चाळीस वर्षं कागदाच्या कडा जुळवण्यात गेलेली, डोळ्याला दुसरं काही सुचणार कसं? छापखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून त्याचं टेबल होतं. त्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तर त्याची धडगत नसे. सगळे त्याला बाइंडरच म्हणत, मालकसुद्धा. खरं नाव पगाराच्या पाकिटावर यायचं, तेवढंच.

बायको अगदी उलट. बस आगारातल्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं बसलेली बाई. तोंडाचा पट्टा सुरू झाला की रांगेतले भलेभले गप्प व्हायचे. घरी बाइंडरने कुरकुर केली की म्हणायची, "सुटे पैसे नसतील तर बाजूला व्हा." मूलबाळ नव्हतं. भांडायला दोघं आणि हसायलाही तीच दोघं, पण घर कधी रिकामं वाटलं नाही.

दीड वर्षामागे तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. एक शब्द बाहेर काढायचा तर तोंडातल्या तोंडात चारदा फिरवावा लागे, आणि तोवर ऐकणारा स्वतःच वाक्य पूर्ण करून मोकळा होई. समजत मात्र सगळं होतं. न समजतं तर एक वेळ बरं, असं बाइंडरला कधीकधी वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

सकाळी तो तिचं सगळं आवरून तिला खुर्चीत बसवायचा. डाव्या हाताशी छोटं टेबल, त्यावर पाण्याचा पेला आणि काठी. दुपारी एकला शेजारची ताई किल्लीने दार उघडून जेवण भरवून जायची. पण दहा ते एक आणि दोन ते पाच, त्या वेळेचं काय? ताईने सांगितलं होतं, मी दिवसभर येऊन बसते. बायकोने डावा हात असा काही हलवला की ताईने तो विषयच सोडला. दुसऱ्याच्या उपकारात बसणं तिला मानवत नव्हतं.

यावर तोडगा काढला बाइंडरच्या भाच्याने. दोन फोन आणून दिले, एक घरी, एक मामाला. "दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, मामा. तुम्हाला मामी दिसेल, मामीला तुम्ही. कॉल तुटलाच तर तुम्ही परत लावा, तिकडचा फोन आपोआप उचलला जाईल. आणि प्लॅन अमर्याद घेतलाय."

"अमर्याद म्हणजे?" बाइंडरने विचारलं.

"म्हणजे संपतच नाही."

न संपणारी वस्तू बाइंडरने आयुष्यात पाहिली नव्हती, पण भाचा शिकलेला, म्हणून त्याने मान डोलावली. मग त्याने आपल्या परीने हातभार लावला. दोन्ही फोनसाठी जाड पुठ्ठ्याचे स्टँड केले. वर निळं कापड, कोपरे दुमडून चिकटवलेले, मागे बरोबर हवा तितका उतार. फोन घसरू नये म्हणून पुढे चांगली दोन बोटं उंच कड ठेवली. कटिंगवाल्याने तो स्टँड हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बाइंडर, फोन फुकट गेला तरी हा शंभर वर्षं टिकेल." हा कटिंगवाला शेजारच्या मशिनवर कागदाचे गठ्ठे कापायचा आणि दिवसभर काहीतरी बडबडायचा. त्याच्या मशिनच्या धडाधड आवाजात फोनवरचं काही ऐकूच येत नसे, म्हणून बाइंडरने आवाज बंदच ठेवला होता. तशीही ती बोलणार किती?

म्हणजे बघा, व्यवस्था झकास जमली. बाइंडर इकडे छापील पानांचे फर्मे शिवायचा, पुस्तकाच्या कण्याला सरस लावायचा, आणि चार टाके झाले की मान वर करायचा. फोनवर बायको खुर्चीत बसलेली असायची. बहुतेक वेळ ती हलतच नसे. झटक्यानंतर तिचं बसणं तसंच झालं होतं, समोर नजर आणि मांडीवर हात. मधूनच ती डावा हात वर करायची, मग हाही ब्रश वर करायचा. पहिल्या आठवड्यात घरी गेल्यावर तिने शब्द जुळवून जुळवून त्याला ऐकवलं, "तीस वर्षं... मी खिडकीतून... लोक बघितले. आता तुम्ही... मला." एवढं बोलायला तिला दोन मिनिटं लागली. बाइंडर इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. जुनी बायको आत शाबूत आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

असे सात-आठ महिने गेले. मग फोन कंपनीने काय केलं ते कंपनीलाच ठाऊक. फोनवर इंग्रजीतले मेसेज यायला लागले. तसे दिवसाला वीस मेसेज यायचे, कर्ज घ्या, गाणं लावा, बक्षीस जिंका. बाइंडर सगळे एका अंगठ्याने पुसून टाकायचा, त्यात हेही गेले. आणि त्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी बायकोचं चित्र अडखळायला लागलं. चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे, हात वर जायचा तो खाली यायलाच तयार नसायचा. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, बंद करून चालू करा. बाइंडरने दहा वेळा बंद करून चालू केला. शेवटी पंचवीस तारखेला मालकाकडून तासभराची सुटी मागून तो कंपनीच्या दुकानात गेला.

काचेचं दुकान, आत गारवा, हातात नंबराची चिठ्ठी. चाळीस मिनिटांनी नंबर लागला. काउंटरवरच्या मुलाचा शर्ट कंपनीच्या रंगाचा होता आणि बोलणंही कंपनीचंच होतं. त्याने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि जरा कौतुकानेच म्हणाला, "काका, तुमचा वापर फार आहे. शंभरात एखाद्याचा असतो इतका. दिवसाला सहा-सात तास व्हिडिओ. काय बघता एवढं? सिनेमे?"

"बायको बघतो," बाइंडर म्हणाला.

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याने सगळं सांगितलं, झटका, खुर्ची, छापखाना, स्टँड. मुलाने ऐकलं, तोंडाने 'अरेरे' म्हटलं. तो काही वाईट मुलगा नव्हता.

"पण काका, हे धोरण आहे. वाजवी वापराचं. एका मर्यादेच्या पुढे गेलं की वेग आपोआप कमी होतो."

"प्लॅन अमर्याद आहे ना?"

"आहेच. डेटा बंद कुठे झालाय? फक्त सावकाश येतो."

"आणि वाजवी किती, ते कुणी ठरवलं?"

"सिस्टीमने."

"सिस्टीमच्या घरी कुणी आजारी नाही वाटतं."

मुलगा हसला नाही. त्याने टेबलावरचा कागद सरळ केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "काही ग्राहकांनी जास्त वापरलं तर बाकीच्यांना कमी पडतं, काका. सगळ्यांचा विचार करावा लागतो." मग तो म्हणाला की मोठा प्लॅन घेतला तरी तिथेही हेच धोरण आहे. एक तारखेला वेग आपोआप पूर्ववत होईल, तोवर आवाज नीट जाईल, मेसेज जातील, चित्र जरा अडकेल. "आवाजावर भागवता येणार नाही का?"

"तिला बोलता येत नाही, हे मी आत्ताच सांगितलं तुला."

"हो हो. सॉरी काका." मुलाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "माझ्याकडे दुसरा पर्याय दिसत नाहीये."

बाइंडर दारापर्यंत पोहोचला नाही तोच खिशात फोन वाजला. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच तारे द्या. त्याने तोही अंगठ्याने पुसला. त्याला सगळ्यात झोंबलं होतं ते वेगळंच. बाकीच्यांना कमी पडतं म्हणे. जन्मात रांग मोडली नाही, दुसऱ्याच्या वाट्याचं चिमूटभर घेतलं नाही, आणि आज आपल्याला हावरट ठरवून बाहेर काढलं. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने डावी भुवई उडवली. "रांग... मोडलीत?" ती म्हणाली. त्या दिवशी मात्र त्याला हसू आलं नाही.

पाच-सहा दिवसांचाच तर प्रश्न होता. त्याने रजा मागितली. मालकाने हात जोडले, "बाइंडर, प्रबंधांचा मोसम आहे. पोरांना तीस तारखेच्या आत विद्यापीठात द्यायचेत. एक तारखेनंतर महिनाभर घे, मी तोंडातून शब्द काढणार नाही." ताईला बसवू का म्हणून बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "नको." हा एक शब्द ती झटक्यानंतरही झटकन म्हणायची. मग बाइंडरने स्वतःची समजूत घातली. अडकतं तर अडकतं, थोड्या वेळाने पुढे सरकतंच की. चार दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू.

अठ्ठावीस तारखेला टेबलावर प्रबंधांचा ढीग होता. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. हे काम भलतं नाजूक. पितळी अक्षरं तापवायची, सोनेरी कागदावर ठेवून दाबायची. एक क्षण जास्त झाला तर रेक्झिन जळतं, कमी झाला तर अक्षर उमटत नाही. साडेदहाच्या सुमारास कटिंगवाल्याने एका प्रबंधाचं लांबलचक नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "एवढं नाव लिहायलाच पोराला चार वर्षं लागली असतील." बाइंडरला हसू फुटलं. हसता हसताच त्याने फोनकडे पाहिलं. बायको खुर्चीत होती, मांडीवर हात, नजर समोर. मग तो अक्षरांकडे वळला.

त्यानंतर त्याने कितीदा मान वर केली, देव जाणे. वीस वेळा तरी केली असेल. प्रत्येक वेळी ती खुर्चीत होती. आज चित्र मुळीच अडखळत नाही, असंही त्याच्या मनात आलं. चौकोन नाहीत की काही नाही, स्वच्छ बायको दिसते आहे. त्याला चक्क बरं वाटलं.

पावणेएक वाजता तो पाणी प्यायला उठला आणि त्याचं लक्ष चित्रातल्या भिंतीवर गेलं. खिडकीतलं ऊन तिच्या मागच्या भिंतीवर पडायचं आणि दुपारपर्यंत उतरत उतरत जमिनीवर यायचं. आज त्या उन्हाची कड अजून तिच्या खांद्याजवळच होती. हा माणूस कडा बघणारा.  त्याने फोन स्टँडमधून उपसून काढला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पुन्हा जोडत आहे'. सव्वादोन तास ते तिथे लिहिलेलं असणार. त्याच्या हातच्या, निळ्या कापडाच्या, दोन बोटं उंच कडेने ते झाकून टाकलं होतं.

त्याने ताईला फोन लावला. त्याला नीट बोलताही येईना. "बघ, बघ, आधी जाऊन बघ," एवढंच तो म्हणत राहिला. ताई धावत गेली. फोन तिने कानाशीच धरला होता, त्यामुळे कुलूप उघडल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि मग ताईचं "अगं बाई" ऐकू आलं.

ती जमिनीवर पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. अंगाखाली ओलं झालेलं, ओठ कोरडे, डोळे उघडे. बाइंडर इस्पितळात पोहोचला तेव्हा तिला आत नेलं होतं. ताई बाकावर बसून रडत होती. "मी घरातच होते हो," ती परत परत म्हणत होती. "आमची मधली भिंत त्यांच्या हाताला लागत होती. एक थाप मारली असती तर धावत आले असते मी. का नाही मारली त्यांनी?"  बाइंडरलाही तेच विचारायचं होतं.

शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. एक तारखेला इस्पितळाच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या सवयीने बाइंडरचा अंगठा घरच्या कॉलवर पडला. तिकडचा फोन आपोआप उचलला गेला. कंपनी शब्दाची पक्की निघाली होती. वेग पूर्ववत झाला होता, आणि रिकामी खुर्ची लख्ख दिसत होती, खुर्चीच्या हातावरच्या रेक्झिनचा उसवलेला टाकासुद्धा. त्याने फोन बंद केला आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडात रुमाल कोंबून रडला.

चौथ्या दिवशी ती बोलली.  म्हणाली, "तुम्ही... हसलात."

"कधी?"

शब्दाशब्दाने, मध्ये थांबत, तिने सांगितलं. संध्याकाळी व्यायाम शिकवायला येणारी बाई, नवरा बाजारात गेला की, तिला काही दिवस उभं राहायला शिकवत होती. काठीशिवाय पाच आकडे मोजेपर्यंत ती उभी राहायला लागली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, दाखवायचं होतं. त्या दिवशी तिने फोनकडे पाहिलं. नवरा तिच्याकडेच बघत होता, हसत होता. तिला वाटलं, हीच वेळ. ती उभी राहिली. एक, दोन, तीन. नवरा हसतच होता. चौथ्या आकड्याला ती पडली. पडल्यावरही तिथून फोन दिसत होता. तिने डावा हात वर केला, हलवला, हलवत राहिली. भिंतीवर थाप मारायचं तिच्या मनातही आलं नाही. नवरा समोर होता, बघत होता, निघालाच असेल.

"दोन तास..." ती म्हणाली. "तुम्ही... हसत होतात."

बाइंडरला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिचं चित्र त्याच्या फोनवर थांबलं होतं, आणि त्याचं तिच्या फोनवर. त्याने सगळं समजावून सांगितलं. वेग, धोरण, कटिंगवाल्याचं बोलणं, स्टँडची कड. भाच्याला बोलावलं, भाच्यानेही फोन दाखवून समजावलं. तिने दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. तीस वर्षं तिकीट खिडकीवर लोकांच्या सबबी ऐकलेली बाई.  शेवटी मान हलवली, म्हणजे समजलं अशी. समजलं असेलही. समजणं आणि पटणं यांत फरक असतो, आणि डोळ्यांनी दोन तास जे पाहिलं ते भाच्याच्या बोलण्याने पुसलं जात नाही.

बाइंडरने छापखाना सोडला. मालकाने मोठेपणा दाखवला, काम घरी पाठवायला लागला. आता बाइंडर त्याच खोलीत, तिच्या खाटेपासून चार हातांवर टेबल मांडून फर्मे शिवतो. फोन दोन्ही त्याने भाच्याला परत दिले. टाका घातला की मान वर करतो, टाका घातला की मान वर करतो. काम पूर्वीच्या निम्मं होतं. विचारतो, पाणी देऊ? उशी सरकवू? ती मान हलवते, नको. त्याच्याशी ती वाईट वागत नाही. भांडतही नाही, आणि टोमणा तर मारतच नाही. टोमण्यासाठी बाइंडरचे कान आसुसलेत.

परवा दुपारी त्याला डुलकी लागली नव्हती, बाहेर गेला नव्हता, हातात सुईसुद्धा नव्हती. तो तिच्याकडेच बघत बसला होता. तिला तहान लागली असावी, कारण तिने पेल्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. बाइंडर उठायला लागला. तो उठेपर्यंत तिने डावा हात उचलला आणि शेजारच्या ताईसाठी भिंतीवर थापा मारायला लागली.